उरलेली नाणी कोणाकडे?

नवं क्रिप्टो नाणं काढायला आज प्रोग्रामिंग यावं लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवर पम्प डॉट फन नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. तिथे नाव टाइप करायचं, एखादं चित्र चढवायचं आणि बटण दाबायचं; काही मिनिटांत टोकन विक्रीला तयार. कॉइनगेको ही कंपनी अशा टोकनांची नोंद ठेवते. तिने एप्रिल २०२५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २०२१ पासून यादीत आलेल्या जवळपास ७० लाख टोकनांपैकी ३७ लाखांचे व्यवहार थांबलेले होते. या गर्दीतून पैसे लावण्याजोगा प्रकल्प निवडायचा तर नेमकं बघायचं काय, हा विषय आता मराठी घरांतही निघतो. आणि निघाला की दोन तट पडतात.

कोथरूडच्या एका घरात हे दोन तट म्हणजे आत्या आणि भाचा. आत्या सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाली. पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांची दप्तरं तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि पगारातला काही भाग तो क्रिप्टोत घालत असतो. अजून बाजारात न आलेल्या एका नव्या प्रकल्पात त्याला एक लाख रुपये लावायचे होते. त्याला आत्याची परवानगी नको होती. पण आकड्यांवर वाद घालता येईल असं घरात तेवढं एकच माणूस होतं.

त्याने आधी प्रकल्पाची बाजू मांडली. संस्थापकांची नावं आणि चेहरे उघड आहेत. कोड गिटहबवर सगळ्यांना दिसतो आणि त्यात रोज भर पडते आहे, म्हणजे माणसं खरंच कामाला लागलेली आहेत. चाचणी नेटवर्क सुरू झालंय. त्याने स्वतः त्यावर व्यवहार करून पाहिले आणि ते झटपट झाले. कोडचं ऑडिट एका नावाजलेल्या कंपनीने केलंय. दोन बड्या गुंतवणूक कंपन्यांनी आधीच पैसे घातलेत.

"आणि करारात काय लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"कसला करार? टोकन घेतलं की ते वॉलेटमध्ये येतं."

"विकणारा अटी लिहितोच रे. चौकोनात टिक करून मान्य आहे म्हणतोस ना, त्या अटी."

त्या अटी भाच्याने वाचल्या नव्हत्या. फारसं कोणी वाचतही नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला २०१७-१८ सालचा आहे. ब्लॉक डॉट वन या कंपनीने जवळपास वर्षभर ईओएस नावाचं टोकन विकून सुमारे ४१० कोटी डॉलर उभे केले. या टोकनाला कोणताही हक्क, उपयोग किंवा हेतू जोडलेला नाही, असं कंपनीने खरेदीच्या करारात स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी खरेदी थांबली नाही. नोंदणी न करता ही विक्री केल्याबद्दल अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकडून २ कोटी ४० लाख डॉलर दंड घेतला. जमलेल्या पैशाच्या तुलनेत तो एक टक्काही भरत नाही.

"तो काळच तसा होता," भाचा म्हणाला. "पण आत्या, अशा अटींना घाबरून २०१४ मध्ये कोणी इथेरियम सोडलं असेल, तर आज त्याला काय वाटत असेल?"

हा त्याचा हुकमाचा पत्ता होता, आणि तो खोटा नव्हता. व्हिटालिक ब्युटेरिनने २०१३ च्या अखेरीस इथेरियमचा आराखडा लिहिला तेव्हा तो १९ वर्षांचा होता. जुलै ते सप्टेंबर २०१४ या ४२ दिवसांत इथरची आगाऊ विक्री झाली. सुमारे ६ कोटी इथर विकले गेले, एका इथरला साधारण ३० सेंट पडले, आणि जमलेली रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास होती. नेटवर्क ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. २०२१ मध्ये एका इथरचा भाव साडेचार हजार डॉलरच्या वर गेला होता.

भाच्याला आणखी जवळचं उदाहरणही माहीत होतं. जयंती कानानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मॅटिक नावाचा प्रकल्प सुरू केला. इथेरियमवरचे व्यवहार स्वस्त आणि वेगवान करणं हे त्याचं काम. त्याच्या चाचणी नेटवर्कचं नावच मुंबई होतं. एप्रिल २०१९ मध्ये बायनान्स एक्सचेंजवर मॅटिकची १९ टक्के नाणी विकली गेली, भाव ०.००२६३ डॉलर. पुढे या प्रकल्पाचं नाव पॉलिगॉन झालं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेच नाणं २.९२ डॉलरला गेलं.

"हजार पटीच्या वर," भाचा म्हणाला. "आणि हे कोणी लपवून ठेवलेलं नव्हतं. टीम दिसत होती, कोड दिसत होता, गरज दिसत होती. निवड करता येते, एवढंच माझं म्हणणं आहे."

आत्याने हजार पटीबद्दल काही म्हटलं नाही. तिने विचारलं, की मधल्या काळात या नाण्याचं काय झालं. भाच्याला तेही सांगावं लागलं. १० डिसेंबर २०१९ रोजी मॅटिकचा भाव काही तासांत निम्म्याहून खाली आला. त्यानंतर जवळजवळ सबंध २०२० साल तो दोन-तीन सेंटांच्या आत-बाहेर रेंगाळला. आणि २.९२ डॉलरला ज्यांनी घेतलं त्यांचं काय? पॉलिगॉनचं नाणं पुढे पीओएल या नावाने बदलून मिळालं, आणि २०२५ च्या मध्याला त्याचा भाव पाव डॉलरच्याही खाली होता. प्रकल्प बंद पडलेला नाही. त्याचं नेटवर्क आजही चालतं.

"म्हणजे एकाच चांगल्या प्रकल्पात एकाचे हजार पट झाले आणि दुसऱ्याचे रुपयाचे दहा पैसे राहिले," आत्या म्हणाली. "मग तू मला टीम आणि कोड कशाला सांगतोस? ते तर दोघांनाही सारखेच मिळाले होते. फरक पडला तो भावात आणि वेळेत."

भाचा थोडा अडला. मग म्हणाला, "म्हणून तर सुरुवातीला घ्यायचं."

"सुरुवातीला कोण घेतं, ते बघू या का?"

इथून पुढे त्यांचं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं. आत्याने कागद मागितला आणि एक साधा तक्ता आखला: एकूण नाणी किती, जनतेला विकली किती, उरलेली कोणाकडे. इथेरियम सुरू होताना एकूण सुमारे ७ कोटी २० लाख इथर होते. त्यातले ६ कोटी लोकांनी पैसे देऊन घेतलेले, आणि १ कोटी २० लाख फाउंडेशन आणि सुरुवातीला काम केलेल्या मंडळींकडे. म्हणजे सहापैकी पाच भाग बाहेरच्यांचे.

दुसऱ्या रकान्यात भाच्याने, आत्याच्या सांगण्यावरूनच, ट्रम्प टोकन लिहिलं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीच्या तीन दिवस आधी, १७ जानेवारी २०२५ रोजी, हे टोकन बाजारात आलं. एकूण नाणी १०० कोटी, सुरुवातीला बाहेर काढलेली २० कोटी. उरलेली ८० कोटी ट्रम्प यांच्या उद्योगाशी संबंधित कंपन्यांकडे, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळी होणारी. दोन दिवसांत भाव ७० डॉलरच्या पुढे गेला. मार्चपर्यंत तो १५ डॉलरच्याही खाली होता.

"ते मीमकॉइन आहे, आत्या. त्याला मी प्रकल्प म्हणतच नाही."

"नको म्हणूस. पण हिशेब बघ. भाव ७० डॉलर असताना बाजारातल्या २० कोटी नाण्यांची किंमत झाली १,४०० कोटी डॉलर. लोक म्हणाले, एवढ्या किमतीचं टोकन आहे. पण त्याच भावाने सगळ्या १०० कोटी नाण्यांची किंमत होते ७,००० कोटी डॉलर. म्हणजे तो भाव टिकवायचा असेल तर पुढच्या तीन वर्षांत कोणीतरी आणखी ५,६०० कोटी डॉलर घेऊन यायला पाहिजे. कोण येणार?"

क्रिप्टोच्या बाजारात या दोन आकड्यांना वेगवेगळी नावं आहेत. पहिली मार्केट कॅप, दुसरी एफडीव्ही, म्हणजे सगळी नाणी बाहेर आली असं धरून काढलेली किंमत. अॅपवर ठळक दिसते ती पहिली. गेल्या काही वर्षांत गंभीर, खरोखर काम करणारे प्रकल्पही नाण्यांचा लहानसा भाग बाजारात आणून आणि मोठा भाग मागे ठेवून सुरू होऊ लागले आहेत. माल थोडा आणि मागणी मोठी, त्यामुळे पहिल्या दिवशीचा भाव चढा असतो. मग साधारण वर्षभराने संस्थापक आणि आधीचे गुंतवणूकदार यांची नाणी मोकळी व्हायला लागतात, दर महिन्याला थोडी थोडी. ज्याने पहिल्या दिवशी घेतलं तो या प्रत्येक महिन्यात विक्रेत्यांच्या समोर उभा असतो, आणि त्या विक्रेत्यांनी तेच नाणं त्याच्यापेक्षा किती तरी स्वस्तात घेतलेलं असतं.

शेअर बाजारातही प्रवर्तकांचे शेअर असतात, हा भाच्याचा मुद्दा बरोबर होता. आयपीओनंतरच्या भांडवलाच्या किमान २० टक्के इतक्या प्रवर्तकांच्या शेअरवर ठरावीक काळ विक्रीबंदी असते, आणि बाकीचा तपशील सेबीकडे दाखल केलेल्या माहितीपत्रकात छापावा लागतो. टोकनाच्या बाबतीत भारतात हे बंधन घालणारं कोणी नाही. चांगले प्रकल्प वाटपाचा तक्ता स्वतःहून प्रसिद्ध करतात आणि नाणी कुलूपबंद ठेवणारा कोडही उघड ठेवतात. भाच्याच्या प्रकल्पाने अजून तक्ता दिलेला नव्हता. तो विक्रीच्या वेळी जाहीर होईल, एवढंच कळवलं होतं.

"पण बड्या गुंतवणूकदारांनी काही बघितल्याशिवाय पैसे घातले असतील का?" भाच्याने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर टेरा-लुना या प्रकल्पाच्या प्रकरणात आहे, आणि ते नीट सांगायला हवं, कारण नव्या प्रकल्पाची जाहिरात बहुधा याच एका आधारावर उभी असते. टेराचं यूएसटी हे नाणं एका डॉलरला बांधलेलं होतं, आणि ते अँकर या सेवेत ठेवलं की वर्षाला जवळपास २० टक्के व्याज मिळे. सोबतचं लुना नाणं एप्रिल २०२२ मध्ये ११९ डॉलरपर्यंत चढलं. मे महिन्यात आठवड्याभरात दोन्ही कोसळली आणि सुमारे ४,००० कोटी डॉलरची किंमत पुसली गेली. प्रकल्पाचा संस्थापक डो क्वॉन याने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. यातला कमी सांगितला जाणारा भाग गॅलेक्सी डिजिटल या नामांकित गुंतवणूक कंपनीचा आहे. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाच्या म्हणण्यानुसार, या कंपनीने २०२० मध्ये १ कोटी ८५ लाख लुना बाजारभावापेक्षा ३० टक्के कमी दराने घेतले, जाहीरपणे लुनाची भलामण केली, आणि ते करत असतानाच स्वतःकडची नाणी विकली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने २० कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं.

म्हणजे बड्या गुंतवणूकदाराने बघितलेलं असतंच. पण त्याने बघितलेलं कोष्टक वेगळं असतं. त्याला आधी, स्वस्त आणि अटी घालून मिळतं. त्याचा फायदा होतो तोच नंतर येणाऱ्याच्या खिशातून, आणि नंतर येणारा म्हणजे कोथरूडमधून एक लाख घालणारा. मोठ्या नावाची पाठराखण हा भरवशाचा पुरावा मानण्याची सवय आपल्याकडे फार खोल आहे, आणि ती इथे सर्वांत जास्त पैसे बुडवते.

ऑडिटच्या बाबतीत आत्याला फार बोलावं लागलं नाही. तो तिचाच प्रांत. एप्रिल २०२३ मध्ये मर्लिन नावाचं नवं विकेंद्रित एक्सचेंज सुरू झालं. सर्टिक या माहितीतल्या कंपनीने त्याचा कोड तपासलेला होता. त्याच सुमारास आतल्याच लोकांनी आपले अधिकार वापरून सुमारे १८ लाख डॉलर काढून नेले. कोडमध्ये चूक आहे का, हे ऑडिट सांगतं. तिजोरीची किल्ली एकाच माणसाकडे असेल तर तेही अहवालात बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचून काय करायचं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. "अहवाल आहे म्हणून बँक चांगली, असं म्हणणारे संचालक मी खूप बघितलेत," आत्या म्हणाली. "अहवालात काय आहे असं विचारलं की ते चहा मागवायचे."

मग बोलणं तिच्या बँकांवर आलं आणि तिथे भाच्याने तिला गाठलं.

"पीएमसी बँकेचं काय?" तो म्हणाला. "रिझर्व्ह बँक होती, ऑडिटर होते, दरवर्षी ताळेबंद छापून येत होता. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये एका दिवसात लोकांचे पैसे अडकले. एकाच उद्योगसमूहाला ७० टक्क्यांहून जास्त कर्ज दिलेलं आणि ते झाकायला २१ हजारांवर खोटी खाती. कोणाला दिसलं? ठेवीदाराला तर दिसूच शकत नव्हतं. ब्लॉकचेनवर हे मला घरबसल्या दिसलं असतं. कोणत्या वॉलेटमध्ये किती नाणी, ती कधी हलली, कुठे गेली, सगळं. तुझ्या नोकरीत तुला जे दप्तर मिळायला महिने लागायचे, ते इथे रात्री दोन वाजताही उघडं असतं."

आत्याने हे लगेच मान्य केलं, आणि मनापासून. पीएमसीच्या ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून एक हजार रुपयेच काढता येत होते; त्या दिवसांत भांडुपच्या मुख्यालयापुढे रडणारी म्हातारी माणसं तिने टीव्हीवर बघितली होती आणि ते दृश्य तिच्या मनातून गेलेलं नाही. तिने भाच्याला लॅपटॉप उघडायला सांगितला. पुढचा तासभर तो तिला इथेरियमवरच्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर टोकनं उघडून दाखवत होता: कोणत्या वॉलेटकडे किती टक्के, नवी नाणी छापण्याचा अधिकार कोणाच्या पत्त्याकडे, विक्री थांबवण्याची सोय कोडमध्ये आहे का. ती मान पुढे करून वाचत होती. दप्तर वाचायची तिची सवय अशी की पडद्यावरच्या प्रत्येक ओळीखाली ती बोट ठेवत होती.

विक्री थांबवण्याच्या सोयीवरून स्क्विड टोकनाची गोष्ट निघाली. 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका गाजत असताना, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, तिच्या नावाचं टोकन आलं. मालिकेच्या निर्मात्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. एका सेंटावरून भाव १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या पुढे गेला आणि काही मिनिटांत शून्याच्या जवळ आला. बनवणारे सुमारे ३३ लाख डॉलर घेऊन गेले. भाव चढताना अनेकांना नफा दिसत होता, पण विकायला गेलं की व्यवहारच होत नव्हता. हे कोडमध्ये आधीपासून होतं, वाचणाऱ्याला आधीच दिसलं असतं.

"म्हणून तर मी म्हणतो, इथे निवड करता येते," भाचा म्हणाला. "ज्याला वाचता येतं त्याला."

"वॉलेट दिसतं, बाळा. वॉलेटमागचा माणूस दिसत नाही," आत्या म्हणाली. "पीएमसीत एका कर्जदाराची २१ हजार खाती दाखवली होती. इथे एका माणसाने दोनशे वॉलेट उघडली तर तुला दोनशे लोक दिसणार. खोट्या नावाची खाती शोधायची तर आम्ही पत्त्यावर जाऊन दार वाजवायचो. तू कोणाचं दार वाजवणार?"

यावर भाच्याकडे अर्धं उत्तर होतं. एकाच ठिकाणाहून पैसे आलेली वॉलेट जोडून दाखवणारी साधनं आहेत आणि ती बऱ्यापैकी काम करतात. ती पूर्ण भरवशाची आहेत असं मात्र त्यालाही म्हणवेना.

उघड फसवणुकीवर दोघांनी वेळ घालवला नाही. वनकॉइन या नाण्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती; एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्याच्या प्रचाराची सभा भरली असताना पोलिसांनी १८ जणांना अटक केली. गेनबिटकॉइनने बिटकॉइन घेऊन १८ महिने दरमहा १० टक्के परतावा कबूल केला, आणि देण्याची वेळ आली तेव्हा एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन लोकांच्या हातात ठेवलं. त्याचे गुन्हे पुण्यातही नोंदले गेले, आणि तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली. ठरलेला मासिक परतावा आणि माणसं आणल्यावर कमिशन, ही दोन वाक्यं जिथे दिसतील तिथून उठायचं. यावर आत्या-भाच्याचं एकमत आहे.

अवघड प्रश्न प्रामाणिक प्रकल्पांचा आहे, आणि तो आत्याने शेवटी काढला. प्रकल्प खरा आहे, टीम चांगली आहे, लोक तो वापरतात, शुल्क भरतात. त्या शुल्कातलं टोकनधारकाला काय मिळतं?

भाच्याला युनिस्वॅप ठाऊक होतं. क्रिप्टोतल्या सर्वांत यशस्वी विकेंद्रित एक्सचेंजांपैकी एक. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने आपली सेवा आधी वापरलेल्या प्रत्येक पत्त्याला ४०० युनी टोकन फुकट दिली. त्यांची किंमत तेव्हा हजार डॉलरच्या वर गेली. त्यानंतर तिथे प्रचंड उलाढाल झाली. पण व्यवहारांवरचं शुल्क ज्यांनी तिथे नाणी ठेवली त्यांना जात होतं. युनी टोकनधारकाला पुढची कित्येक वर्षं त्यातला एक पैसाही मिळाला नाही. मिळाला तो मतदानाचा हक्क. दुकान जोरात चाललं, आणि टोकन घेणारा मात्र दुकानाचा भागीदार नव्हता.

"प्रकल्प निवडणं आणि टोकन निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुझ्या मुद्द्यांत कुठेच नाही," आत्या म्हणाली. भाच्याने ते लिहून घेतलं. नव्या प्रकल्पांबद्दल मराठीत आणि इंग्रजीत जेवढं लिहिलं जातं त्यातही हा फरक फार थोडे लोक करतात. तंत्रज्ञान समजावून सांगितलं जातं, टोकनावर हक्क काय हे नाही. इथर जिथे व्यवहाराचं शुल्क म्हणूनच लागतो, तिथे नेटवर्कचा वापर वाढला की मागणी वाढते. जिथे टोकन वापरल्याशिवायही सेवा चालते, तिथे ते विकत घ्यायला पुढचा माणूस अधिक भाव देईल ही आशा सोडून दुसरं कारण शोधावं लागतं.

युनिस्वॅपच्या गोष्टीतून भाच्याने मात्र आपल्या उपयोगाचंही काही उचललं. पैसे न घालता, नुसती सेवा वापरून टोकन मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायपरलिक्विड या एक्सचेंजनेही असंच केलं: बाहेरच्या गुंतवणूकदारांना आधी वाटा न देता एकूण नाण्यांचा ३१ टक्के भाग वापरकर्त्यांना वाटला. आत्याला हा तक्ता आवडला. वापरून बघितलेल्या गोष्टीबद्दल माणूस जास्त खरं बोलतो, असं तिचं मत पडलं.

मग भाच्याने दुसरी योजना सांगितली. एक लाख एकाच ठिकाणी घालायचे नाहीत. दहा नवे प्रकल्प निवडायचे, प्रत्येकी दहा हजार. नऊ बुडाले तरी चालेल, एक दहापट झाला की पैसे परत. स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे असंच करतात.

आत्याने पुन्हा कागद ओढला.

"कर किती?"

"तीस टक्के. एप्रिल २०२२ पासून."

"आणि बुडालेल्या नऊचा तोटा?"

भाचा गप्प झाला. प्राप्तिकर कायद्यात २०२२ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार क्रिप्टोच्या एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शेअरमध्ये हे करता येतं. आत्याने गणित मांडलं. दहा हजारांचे एक लाख झाले, नफा नव्वद हजार. त्यावर ३० टक्के म्हणजे २७ हजार, वर ४ टक्के उपकर, एकूण २८,०८० रुपये. हातात ७१,९२०. एकूण घातले होते एक लाख. म्हणजे दहापट होणारं नाणं अचूक ओळखूनही अठ्ठावीस हजारांचा तोटा. बरोबरीला यायचं तर त्या एका नाण्याला चौदा पटीहून थोडं जास्त व्हावं लागेल.

हे गणित अमेरिकेतल्या कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण तिथे ते लागू नाही. दहांत पैसे पसरून एकावर कमवायचं, हा सल्ला तिथून जसाच्या तसा इकडे येतो आणि आपल्या कायद्यात त्याचा पायाच निघून जातो. भारतातल्या माणसाने नवे प्रकल्प निवडायचे तर ते फार थोडे निवडायचे, एवढं या एका तरतुदीवरून ठरतं. आणि ते कुठे ठेवायचे हाही प्रश्न आहेच. वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३.५ कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा चांगली नाणी निवडलेल्यांचे पैसेही वर्षभराहून जास्त अडकले.

"मग थांबतो," भाचा म्हणाला. "पहिल्या दिवशी घेत नाही. वर्षभराने, आधीच्यांची नाणी मोकळी होऊन भाव खाली आला की बघतो. तोवर कोण वापरतंय तेही कळेल."

"तेव्हा ते नवं राहणार नाही."

"नाही राहणार. पण सगळेच थांबले, तर कोणतीही नवी गोष्ट उभी राहणार नाही, आत्या. २०१४ मध्ये कोणीतरी पैसे दिले म्हणून इथेरियम झालं."

आत्याने हे नाकारलं नाही. पैसे देणारे लागतातच, असं ती म्हणाली. मात्र देताना ते परत येणार नाहीत असं धरून द्यावेत आणि घरखर्चातले देऊ नयेत. सहकारातही सुरुवातीचं भागभांडवल असंच उभं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी भाच्याने प्रकल्पाच्या मंडळींना दोन प्रश्न लिहून पाठवले: एकूण नाण्यांपैकी किती कोणाकडे आणि कधी मोकळी होणार, आणि सेवेच्या शुल्कातलं टोकनधारकाला काय मिळणार. पहिल्याचं उत्तर आलं, की तक्ता विक्रीच्या आठवड्यात प्रसिद्ध होईल. दुसऱ्याचं आलं नाही. तक्ता हातात आल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, यावर दोघांचं जमलं आहे. आल्यावर किती घालायचे यावर जमलेलं नाही. भाच्याने एक लाखावरून वीस हजारांवर उतरून दाखवलं. आत्याचा आकडा शून्य आहे.